शेठचा कोरियाशी वाद

आमच्या शेठचं कोरियन सीरियलवाल्यांशी बिनसलं ते ट्रकवरून.

शेठचा ट्रान्सपोर्टचा धंदा, चाकणजवळ निघोज्यात. मी तिथं काही वर्षं ऑफिस सांभाळलं. गाडी कुठं पोचली हे कंपन्यांना सांगायचं आणि नवरा कुठं पोचला हे ड्रायव्हरांच्या बायकांना सांगायचं, असं ते काम. मी आंबेजोगाईची. चाकणला नोकरी शोधत आले आणि पहिलीच मुलाखत शेठनी घेतली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की तुला फोनवर भांडता येतं का. मी म्हटलं, येतं. ते म्हणाले, उद्यापासून ये.

शेठ मूळचे निघोज्याचेच. त्यांच्या वावरांत कारखाने उभे राहिले तेव्हा भावकीनं बंगले बांधले, शेठनी ट्रक घेतले. वय साठीच्या पुढचं, डोक्यावर टोपी, खिशात दोन मोबाइल. खरं तर त्यांना मोबाइलची गरज नव्हती. नुसते बोलले असते तरी शिक्रापुरातल्या ड्रायव्हरला ऐकू गेलं असतं. कंपन्यांच्या माणसांपुढं ते मला मॅडम म्हणायचे, एरवी पोरी.

ऑफिसच्या भिंतीवर एक भलामोठा टीव्ही होता. तो गाड्यांचं जीपीएस बघायला घेतलेला. नकाशावर हिरवे ठिपके सरकायचे आणि शेठ ठिपक्यांना शिव्या द्यायचे. एका मे महिन्यात त्यांची नात सुट्टीला आली आणि तिनं त्या टीव्हीवर हिंदीत डब केलेली एक कोरियन सीरियल लावली. सुट्टी संपली, नात नगरला गेली, सीरियल अर्धी राहिली. शेठना काम अर्धवट ठेवलेलं खपत नसे. त्यांनी मला पुढचा भाग लावायला सांगितला.

त्या भागात हिरो रस्त्याच्या एका कडेला होता, हिरॉइन दुसऱ्या. दोघं एकमेकांकडे बघून हसले. हिरो रस्ता ओलांडायला निघाला आणि बाजूनं एक पांढरा ट्रक आला.

शेठ खुर्चीतून उठले. म्हणाले, मागं घे. मी मागं घेतलं. त्यांनी टीव्हीजवळ जाऊन तो ट्रक पुन्हा बघितला, मग आणखी एकदा. त्यांचं म्हणणं असं पडलं, की ड्रायव्हरनं ब्रेक मारला नाही, हॉर्न दिला नाही, नुसता लाइट मारला. ताडपत्री सैल होती, म्हणजे गाडी रिकामी. रिकामी गाडी घेऊन भरदिवसा एवढा पळत हा चालला कुठं? आणि असल्या माणसाच्या हातात गाडी देणारा मालक कोण?

पुढं हिरो शुद्धीवर आला. त्याची स्मरणशक्ती गेली होती. सगळे रडत होते. शेठ मात्र ड्रायव्हरचं काय झालं ते विचारत होते. त्याला पोलिसांनी धरलं का, त्याला लागलं का, त्याच्या घरी कुणी कळवलं का. ड्रायव्हर पुन्हा दिसेल म्हणून त्यांनी ती सीरियल शेवटपर्यंत बघितली. दिसला नाही. मग त्यांनी दुसरी लावली. तिच्यातही ट्रक होता. पुढं पुढं तर रिकामा रस्ता दिसला आणि हिरो हसला, की शेठ चष्मा सारखा करून म्हणायचे, "आला बग."

याला एक कारण होतं आणि ते मला आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरनं सांगितलं. मागं एकदा त्याच्या गाडीखाली उलट्या बाजूनं येणारा मोटारसायकलवाला आला. त्या पोराचा फक्त पाय मोडला, पण जमलेल्या लोकांनी ड्रायव्हरला मारून मारून अर्धमेला केला. चूक कुणाची हे कुणी विचारलं नाही. तो दवाखान्यात होता तेवढे दिवस शेठ त्याच्या उशाशी बसून होते. तेव्हापासून ट्रकवाल्याबद्दल कुणी वावगं बोललं की शेठना सहन व्हायचं नाही, मग ते चाकणचं असो की कोरियाचं.

पण ट्रकवरून सुरू झालेला वाद तेवढ्यावर थांबला नाही. हळूहळू त्यांची सगळ्याच गोष्टींवर मतं झाली. हिरो नेहमी कुठल्यातरी मोठ्या कंपनीचा डायरेक्टर असायचा आणि दिवसभर हिरॉइनच्या मागं फिरायचा. शेठना प्रश्न पडायचा की मग प्रॉडक्शन कोण बघतं. नवरा-बायको व्हायचं नाटक करू म्हणून दोघं करार करायचे, तेव्हा ते म्हणायचे, खोली भाड्यानं द्यायची असल्यागत अकरा महिन्यांचा लिहून घ्या म्हणजे झालं. हिरॉइन पाय घसरून हिरोच्या हातात पडायची आणि ते तीन बाजूंनी तीनदा दाखवायचे. एकदाच पडली की ती, असं ते टीव्हीला समजावून सांगायचे.

हिरो आणि हिरॉइन लहानपणी एकदा भेटले होते असं शेवटी शेवटी निघायचं, याची त्यांना विशेष चीड. त्यांचं म्हणणं, निघोज्यात सगळ्यांचीच सगळ्यांशी लहानपणी गाठ पडलेली आहे, म्हणून काय सगळ्यांशी लग्न लावायचं? आणि हिरॉइनचा एक हात हिरोनं धरलाय, दुसरा दुसऱ्यानं, दोघं एकमेकांकडे रोखून बघताहेत, असं दृश्य आलं की ते अगदी कळवळायचे. पूर्वी भोसरीला दोन सहा आसनी रिक्षावाले एकाच म्हातारीची पिशवी दोन बाजूंनी ओढायचे, तसंच हे. तिला कुठं जायचंय ते कुणी विचारीना.

दुपारी काकू, म्हणजे शेठच्या बायको, डबा घेऊन यायच्या. दारातूनच टीव्हीकडे बघायच्या, हे अजून रुसलेलेच का म्हणून विचारायच्या, आणि डबा ठेवून जायच्या. सीरियलबद्दल त्यांचं एवढंच मत होतं आणि ते बहुतेक वेळा बरोबर असायचं.

एकदा एका कंपनीचा फोन आला, गाडी कुठं आहे म्हणून. मी शेठना नकाशा लावा म्हटलं. ते हात वर करून म्हणाले, थांब, आता इचारतोय तो तिला. हे पलीकडच्या साहेबानं ऐकलं. त्यानं कोण कुणाला विचारतंय असं विचारलं आणि मला सांगावं लागलं की आमचे शेठ ड्रायव्हरला विचारताहेत.

सगळ्यात जास्त राग मात्र त्यांना सेकंड हिरोचा होता. सेकंड हिरो म्हणजे तो दुसरा, भला माणूस, जो हिरॉइनवर मनापासून प्रेम करतो आणि शेवटी एकटा राहतो. आमच्या समोरच्या टायरच्या दुकानातल्या पोरांना, मला, सगळ्यांना त्याची दया यायची. शेठना यायची नाही.

"टेंडर भरलं न्हाई," ते म्हणायचे, "अन् म्हनं काम मला का न्हाई दिलं. तिला कसं कळावं रं? सोळा भाग नुसता बगत बसलाय."

मग ते वर्ष आलं. एका मोठ्या कंपनीनं त्यांचं काम दुसऱ्या ट्रान्सपोर्टला दिलं आणि आमच्या बऱ्याच गाड्या यार्डात उभ्या राहिल्या. ड्रायव्हर सकाळी यायचे, काचा पुसायचे, टायरला लाथ मारून बघायचे आणि पारावर बसायला जायचे. शेठ सवयीनं सीरियल लावायचे, पण बोलायचे नाहीत. एकदा पांढरा ट्रक आला, हिरो उडाला, तरी गप्प. मला त्या दिवशी फार अवघड वाटलं. काकूही डबा ठेवून काही न विचारता गेल्या.

अशात आमच्या जवळच एक कोरियन कारखाना सुरू झाला. गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. त्यांना माल चेन्नईकडं पाठवायला ट्रान्सपोर्ट हवा होता. त्यांच्याकडून कागद घेऊन एक माणूस आमच्याकडे यायला लागला. चिंचवडचा, उंच, सडपातळ, चष्मा लावणारा. पुण्यात कोरियन भाषा शिकलेला. पहिल्या दिवशी शेठनी कोण म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, मी दुभाषा. शेठना ते आडनाव वाटलं. मग खुलासा झाला, पण तोपर्यंत तो आमच्याकडे दुभाषे झाला होता आणि पुढंही तेच राहिला.

दुभाषे यायचे, माझ्या टेबलासमोर बसायचे, फोनवर विचारता आली असती अशी एखादी गोष्ट विचारायचे, चहा निवेपर्यंत थांबून मग प्यायचे आणि कागद घेऊन जायचे. मला मॅडम म्हणायचे. शेठ आपल्या खुर्चीतून हे बघायचे. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर, बऱ्याच दिवसांनी, त्यांनी एक मत दिलं. म्हणाले, ह्यो सेकंड हिरो हाय.

मी म्हटलं, शेठ, ते कामासाठी येतात. शेठ म्हणाले, व्हय, तेबी कामासाठीच येत्यात समदे. मी विषय तिथंच सोडला. पण एक खरं, दुभाषे यायचे त्या दिवशी मी फोनवर कमी भांडायचे.

अखेर कारखान्याचे मोठे साहेब गाड्या बघायला येणार असं ठरलं. काम मिळणार की नाही हे त्या भेटीवर होतं. आम्ही यार्ड झाडून घेतलं. ड्रायव्हरांनी इस्त्रीचे कपडे घातले. टीव्हीवर नकाशा लावून मी रिमोट माझ्या पर्समध्ये टाकला आणि शेठकडून शब्द घेतला, की सीरियलचा विषय काढायचा नाही. शेठनी गळ्याला हात लावून शपथ घेतली.

साहेब आले. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, अतिशय मवाळ. त्यांनी दोन्ही हातांनी कार्ड पुढं केलं. शेठनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि इतके वाकले की टोपी पडता पडता राहिली. इथवर ठीक होतं. चहा आला तेव्हा शेठ कप घेऊन भिंतीकडे वळले आणि पाठमोरे होऊन प्यायला लागले. मला कळलं. सीरियलमध्ये मोठ्या माणसासमोर दारू पिताना लहान माणूस मान वळवतो, ते शेठनी चहाला लावलं होतं. साहेबांना मात्र कळलं नाही. त्यांनी दुभाष्यांना काहीतरी विचारलं. दुभाषे म्हणाले, "साहेब विचारतात, भिंतीवर काय आहे?"

बाकी सगळं चांगलं झालं. साहेबांनी गाड्या बघितल्या, ड्रायव्हरांशी हात मिळवले, आमच्या सगळ्यात जुन्या ड्रायव्हरला किती वर्षं चालवता म्हणून विचारलं. परत ऑफिसात येऊन बसल्यावर त्यांनी विचारलं, की शेठना काही विचारायचं आहे का.

मी शेठकडे बघितलं. पंगतीत पथ्य असलेल्या माणसासमोर जिलबी यावी, तसं त्यांचं तोंड झालं होतं. मग त्यांनी शपथ मोडली.

"साहेबास्नी इचारा, तुमच्याकडं ट्रकवाले खरंच असे चालवत्यात का?"

दुभाष्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि कोरियनमध्ये सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि कुठला ट्रक ते विचारलं. मग शेठनी सगळं सांगितलं. पांढरा रंग, ब्रेक नाही, हॉर्न नाही, सैल ताडपत्री, ड्रायव्हर नंतर गायब. सांगताना ते उभे राहिले, हिरो झाले, ट्रक झाले. साहेब अगदी गंभीरपणे ऐकत होते. मग त्यांनी जे उत्तर दिलं ते दुभाष्यांनी सांगितलं: आमच्याकडे ड्रायव्हर फार शिस्तीचे आहेत. सीरियल लिहिणाऱ्यांना कधी कुठं माल पाठवावा लागलेला नाही, म्हणून ते असं दाखवतात.

शेठ खुर्चीत मागं टेकले. पहिल्या दिवसापासून आपण हेच म्हणतोय असं त्यांनी मला सांगितलं. आता त्यांना कुणी थांबवू शकलं नसतं. त्यांनी साहेबांना त्यांचं लग्न कसं जमलं ते विचारलं. निघालं असं, की साहेबांच्या आत्यानं एक मुलगी सुचवली, एका हॉटेलात दोघांना बसवलं, दोघांनी कॉफी घेतली, नोकरी काय, गाव कुठलं असं विचारलं आणि घरी जाऊन होकार कळवला. ना ट्रक, ना पावसात दोघांत एक छत्री, ना लहानपणीची ओळख.

"म्हंजी बगायचा कार्यक्रमच की," शेठ म्हणाले. "पोह्यांच्या जागी कॉफी." पोहे म्हणजे काय आणि ते मुलगी का आणते, हे साहेबांना समजावायला दुभाष्यांना बराच वेळ लागला. साहेब हसायला लागले होते. मला वाटलं, निभावलं. मी कागद पुढं सरकवायला हात उचलला, तेवढ्यात शेठनी दुभाष्यांकडे बोट केलं.

"आता साहेबास्नी इचारा, ह्यो तुमचा माणूस आमच्या पोरीशी बोलायला एवढा येळ का लावतोय? कागद आणतो, कागद न्हेतो. त्येला सोत्ताचं काय बोलता येतं, का फकस्त दुसऱ्याचंच बोलतो?"

नकाशावर आमची एक गाडी खंबाटकी घाटात होती. मी तिच्यावर डोळे लावून बसले आणि ती घाट उतरेपर्यंत वळून बघायचं नाही असं ठरवलं. दुभाष्यांनी चष्मा वर सरकवला. मग ते कोरियनमध्ये बोलले, हळू, बराच वेळ. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेठकडे बघितलं, काहीतरी म्हणाले आणि इतके हसले की त्यांना डोळे पुसावे लागले.

दुभाषे कानापर्यंत लाल झाले होते. ते म्हणाले, "साहेब म्हणतात, पावसाळ्यात माल भिजणार नाही याची काळजी घ्यावी."

शेठ साहेबांकडे बघत राहिले. मग मला हळूच म्हणाले, "ताडपत्रीवर एवढं कोण हसतं गं?"

काम आम्हाला मिळालं. यार्ड रिकामं झालं, नकाशा हिरव्या ठिपक्यांनी भरला आणि शेठची मतं परत आली. आठ-दहा दिवसांनी दुभाषे सह्यांचे कागद न्यायला आले. मी कागद दिले. ते उठले नाहीत.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या दिवशी मी एक वाक्य चुकीचं सांगितलं."

"ताडपत्रीचं?"

"हो. साहेब तसं म्हणाले नव्हते. ते म्हणाले, मलाही हेच विचारायचं होतं. हा माणूस सारखा कागद आणायला जातो, आणि आपल्याकडे ईमेल आहे."

मी विचारलं, की मग शेठचा प्रश्न तुम्ही साहेबांना काय म्हणून सांगितला होता.

"शब्दाला शब्द," दुभाषे म्हणाले. "तिथं बदलता आला असता. पण मला वाटलं, कुणीतरी एकदा बोललेलं बरं."

मी म्हटलं, आता तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे तेही सांगून टाका. त्यांनी सांगितलं. दोन भाषा येणाऱ्या त्या माणसाच्या त्या वाक्यात चार वेळा 'म्हणजे' आलं आणि क्रियापद एकदाही नाही. पण मला कळलं.

घरी विरोध होईल अशी मला भीती होती. झाला नाही. माझ्या वडिलांनी मुलाची नोकरी विचारली, दुभाष्यांच्या आईनं मला चिंचवडची गोड आमटी चालेल का ते विचारलं, आणि दोन्ही घरं राजी झाली. सगळे खूश होते, एक शेठ सोडून. कुणीच विरोध करीना म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. कोरियन सीरियलमध्ये लग्नाला घरचे आडवे येतात, तिथली ही एकच गोष्ट त्यांना पटलेली होती. कुणीतरी आडवं आल्याशिवाय माणूस किती पाण्यात आहे ते कळत नाही. दोन दिवस ते वाट बघत राहिले. मग त्यांनी दुभाष्यांना बोलावून समोर बसवलं आणि सांगितलं, की या लग्नाला माझा विरोध आहे.

दुभाष्यांनी शांतपणे कारण विचारलं. शेठ म्हणाले, कारण काय न्हाई, पण कुणीतरी करायला पायजे.

हा विरोध दोन आठवडे चालला. दुभाषे आले की शेठ टोपी नीट करून मान दुसरीकडे वळवायचे. शेवटी त्यांनी दुभाष्यांना एका शनिवारी आमच्या जुन्या ड्रायव्हरबरोबर ट्रकमधून सोलापूरला पाठवलं. बरोबर प्रवास केल्याशिवाय माणूस कळत नाही म्हणून. ते परत आले तेव्हा शेठनी ड्रायव्हरला माझ्यासमोरच विचारलं, की काय अनुभव.

ड्रायव्हर म्हणाला, पोरगं चांगलं हाय, आपलं ऐकून घेतं. शेठ म्हणाले, ऐकून घेतो ते ठाऊक हाय, बोलला का?

"टेंभुर्णीच्या पुढं बोलाय लागला," ड्रायव्हर म्हणाला. "मंग थांबंनाच. समदं मॅडमचंच."

विरोध आहे तो आहेच, पण थोडा कमी केलाय, असं शेठनी संध्याकाळी जाहीर केलं. काकू डब्याची पिशवी न्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, एकीकडं इरोध करताय आन् एकीकडं लाडवाची ऑर्डर देताय, एक काय ते ठरवा.

लग्न चऱ्होलीच्या एका कार्यालयात झालं. माझ्या आईला भाऊ नाही, त्यामुळं माझ्यामागं मामा म्हणून कोण उभं राहणार हा प्रश्न होता. तो शेठनी कुणाला विचारू दिला नाही. ते फेटा बांधून येऊन उभेच राहिले. कोरियन साहेब बायकोला घेऊन आले होते आणि अक्षता मुठीत धरून, कुठल्या क्षणी टाकायच्या ते शेजारच्या ड्रायव्हरला खुणेनं विचारत होते.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. कितीही ठरवून केलेलं असलं तरी त्या वेळी आपण इथं कशाला आलो असं वाटतं. पलीकडे कोण आहे ते दिसत नाही, आणि हजारभर माणसं आपल्याकडे बघत असतात. मी हातातल्या हाराची फुलं तोडायला लागले होते. शेठना ते कसं कळलं कोण जाणे. ते मागून थोडे पुढं झुकले.

"पोरी, अजून येळ हाय. नको वाटत आसंल तर नुस्ती मान हलव. इरोधाचं मी बगतो."

चेष्टा नव्हती ती. मी मान हलवली असती तर त्यांनी तिथल्या तिथं अंतरपाट गुंडाळून कार्यालय रिकामं केलं असतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. मी हार नीट धरला. मी न वळता विचारलं, "शेठ, तुमचं काय मत?"

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना मत द्यायला वेळ लागला. मागून नाक ओढल्याचा आवाज आला.

"माजं काय," ते म्हणाले. "माजं मत कवाच झालंय."

आणि मग मान वर करून त्यांनी बँडवाल्यांकडे बघितलं आणि त्यांच्या त्या आवाजात सांगितलं, "वाजवा रे."

शेठनी सांगितल्यावर कोण थांबणार? बँड सुरू झाला, अंतरपाट धरणाऱ्यांनी तो सोडून दिला, अक्षता पडल्या, साहेबांनी आपली मूठ ड्रायव्हरच्या डोक्यावर रिकामी केली. भटजींचं शेवटचं मंगलाष्टक राहिलं होतं. ते त्यांनी म्हटलं असेल, पण कुणाला ऐकू आलं नाही. आमचं लग्न एक मंगलाष्टक कमी म्हणून लागलेलं आहे.